डावीकडून पहिला पेला

पाचोरा स्टेशनावर गाडी थोडाच वेळ थांबायची, म्हणून नाना आम्हाला तासभर आधीच घेऊन आले होते. वैशाखातलं ऊन असं की फलाटावरच्या बाकाला हात लावता येत नव्हता. माझ्याजवळ वळकटी होती, आईनं बांधून दिलेल्या दशम्या होत्या आणि आमच्या घाण्यावरच्या तिळाच्या तेलाचा एक डबा होता. लग्नाला दोन महिने झाले होते. ज्यांच्यासोबत निघाले होते त्यांच्याशी तोवर मी धड दहा वाक्यंही बोलले नव्हते. नाना माझ्याकडे न बघता रुळांकडे बघत म्हणाले, "वेणू, बठ्ठं लिखी धाडजो. चांगलं शे ते बी, वाईट शे ते बी."

मी मान हलवली. पोरगी लांब गेली तरी पत्र तिच्या स्वतःच्या हातचं यावं, एवढ्यासाठी नानांनी मला चौथीपर्यंत शिकवलं होतं. पुढची दहा वर्षं दर पंधरवड्याला मी पत्र टाकलं. त्यात नीलगिरीची थंडी असायची, धुकं असायचं, तिकडच्या भाज्या असायच्या. जे लिहायला हवं होतं ते एकाही पत्रात नाही.

घरच्या पोरांनो, तुमच्यातले काही पाचोऱ्याला राहिले, काही पोटासाठी नाशिकला, मुंबईला, अहमदाबादेला गेले. तुम्हा सगळ्यांसाठी हे आता लिहिते आहे. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हे सगळं ठाऊक होतं. ती होती तोवर कागदावर उतरवायची गरज वाटली नाही. ती गेल्यापासून मी एकटीच हे घेऊन बसले आहे.

घरी सगळ्यांना एवढंच माहीत होतं की जावई धुळ्याचे, पुण्याला बी. एस्सी. झालेले आणि मद्रासकडे एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट. कल्याणला गाडी बदलली, घाट मागं पडला, आणि मग ह्यांनी मला खरं सांगितलं. कंपनी औषधांची नव्हती, बिअरची होती. गोऱ्या पलटणींसाठी डोंगरात एका इंग्रजानं भट्टी घातली होती. जवाला मोड आणून, भाजून, उकळून तिथं बिअर करत आणि पिंपांत भरून छावण्यांना पाठवत. पिंप बाहेर जाण्याआधी चव घेऊन पास-नापास करायचं काम ह्यांचं. "मी दारुडा नाही," हे म्हणाले. "दोन घोट घेतो, एक थुंकतो. पण हे घरी समजलं तर तुझी माणसं तुला परत घेऊन जातील." मला रडू आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि घरी काहीच कळवायचं नाही, असं तिथंच ठरवून टाकलं.

मेट्टुपाळ्यमला डोंगरगाडीत बसलो. मधल्या दातेरी रुळाला धरून ती हळूहळू वर चढत गेली आणि अंगावरचा घाम थंड झाला. खानदेशात मी कधी स्वेटर पाहिला नव्हता. आमचं क्वार्टर पत्र्याचं, भट्टीच्या मागच्या अंगाला. दुपारी चारला दरीतून धुकं वर यायचं आणि ओसरीच्या पायरीपर्यंत येऊन थांबायचं. ज्वारी मिळत नव्हती, नाचणी मिळायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आठवण आली की मी डब्यातलं थोडं तेल नुसतंच चटणीवर घालून खायची.

ह्यांना आपल्या नाकाचा फार अभिमान होता. कुठंही गेले की तिथली बिअर चाखायची आणि काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत दहापैकी गुण लिहायचे. विलायती, जर्मन, बंगळूरची, पुण्याची. वर्षाकाठी आम्ही धुळ्याला यायचो तेव्हा वाटेत प्रत्येक मोठ्या स्टेशनच्या उपाहारगृहात हे एक बाटली मागवत, दोन घोट घेत, खिडकीशी धरून रंग बघत आणि वहीत लिहीत. बाकीची बाटली शेजारच्या साहेबाला देऊन टाकत. चाळीसगावला धुळ्याची गाडी धरण्याआधी नळावर चूळ भरून पाच-सहा लवंगा चावायच्या, हा नेम. मग धुळ्याला उतरणारा माणूस औषधांच्या कंपनीचा केमिस्ट असे.

शनिवारी दुपारी आमच्या ओसरीवर दोघं मित्र येत. एक फर्नांडिस, गोव्याचा, भट्टीच्या कोठाराचा प्रमुख. दुसरा चिन्नप्पा, पिंपं बनवणारा थोराड मिस्त्री, नेहमी हसरा. फर्नांडिस कुठून कुठून बाटल्या आणायचा. बाटल्यांवर कागद गुंडाळून वर आकडे टाकायचे, पाच पेले ट्रेमध्ये मांडायचे, ज्यानं त्यानं आपल्या कपात घोटभर ओतून घ्यायचं आणि गुण द्यायचे. कागद काढला की कुणाचं खरं ते कळायचं. बहुतेक वेळा ह्यांचंच खरं निघे. आतून मला त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि पत्रात मी लिहायची, शनिवारी यांचे मित्र येतात, चहा घेतात.

मग ते नाचणीच्या भाकरीचं झालं. सकाळी घाईत माझ्या हातून घासलेटची बाटली कलंडली आणि पिठात थोडं गेलं. मला सर्दी झाली होती, ध्यानात आलं नाही. भाकरी ह्यांच्या पानात वाढली, उरलेली मी तोंडाजवळ नेली आणि तेवढ्यात वास आला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. तोवर हे अर्धी भाकरी खाऊन बसले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी भाकरी त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी दोनदा हुंगली. त्यांनी पान सरकवलं. मग म्हणाले की दिवाळीपासून हे असं आहे. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं भट्टीत गंधकाची धुरी देतात त्यानं. आता काहीच येत नाही. फुलाचा नाही, घामाचा नाही. दोन महिने ते रंग बघून आणि अंदाजानं पिंपं पास करत होते.

मी डॉक्टरचं नाव काढलं. छावणीत डॉक्टर होता, पण तो साहेबाचा मित्र. ह्यांच्या जागेवर डोळा ठेवून दोन माणसं बसली होती. नाक गेलेला चव घेणारा कोण ठेवील? क्वार्टर जाईल, मग धुळ्याला जाऊन काय सांगायचं? हे म्हणाले, "तुझं नाक आहे ना अजून?"

नाक होतं. घाण्यावर वाढलेली पोरगी मी. तीळ नवे का जुने, पेंड कोणत्या बैलघाण्याची, तेल उन्हात राहिलं का सावलीत, हे नाना मला विचारून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी हे नमुन्याच्या लहान बाटल्या खिशातून घरी घेऊन आले. मी आधी नुसता वास घेतला. पण नुसत्या वासानं भागत नव्हतं. मी तोंडात घोट घेतला, फिरवला, मोरीत थुंकला, आणि मग देवापुढं जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाही. आठवड्याभरानं जेवायला लागले.

मला त्यांचे इंग्रजी शब्द येत नव्हते. मी सांगायची, ह्यात ओल्या गोणपाटाचा वास आहे. ह्यात कल्हई गेलेल्या भांड्यातलं ताक आहे. ही चांगली, भाजलेल्या हरभऱ्यासारखी. हे ऐकून घेत आणि वहीत इंग्रजीत मांडत. गुणही मीच सांगायची. साहेब एकदा म्हणाला म्हणे, चौधरी, तुझं नाक पूर्वीपेक्षा तिखट झालंय. हे घरी येऊन मला सांगताना हसले आणि मीही हसले. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगच्या गुणावर कुणी पगार देत होतं. हे मी अक्कालाही फार उशिरा सांगितलं.

शनिवारचं अवघड होतं, कारण तिथं सगळं समोरासमोर. त्यावर मी उपाय काढला. पेले मीच आत भरायची, प्रत्येक हुंगायची आणि ट्रेमध्ये ओळीनं लावायची. डावीकडून पहिला सगळ्यात चांगला, उजवीकडचा शेवटचा सगळ्यात वाईट. ह्यांनी फक्त डावीकडून सुरुवात करायची आणि गुण उतरवत न्यायचे. मित्रांना वाटे, चौधरींच्या घरची नुसती मांडणी.

सत्याग्रहाच्या वर्षी नानांचं पत्र आलं. धुळ्याला दिलेली अक्का तिथं ताडीच्या दुकानापुढं बायका घेऊन बसली होती. गिऱ्हाइकांच्या पायाशी आडवी झाली, तिला धरलं, तीन महिन्यांची शिक्षा झाली. नानांनी लिहिलं होतं की घरची एक पोर दारूसाठी तुरुंगात बसली आहे याचं दुःख नाही, मान ताठ आहे. तू तिकडं सुखात राहा. पत्र वाचत होते तेव्हा माझ्या तोंडात नमुना क्रमांक तीन होता. मी मोरीशी गेले, थुंकले, चूळ भरली आणि परत येऊन पुढचं वाचलं. मग ह्यांना सांगितलं, तीन नंबर आंबटसर आहे, सोडू नका.

ह्यांचं डोकं दुखणं त्यानंतर सुरू झालं. सकाळी उठल्याबरोबर दुखायचं, दहापर्यंत ओसरायचं. मी सुंठ उगाळून लावायची. कधी कधी हे बोलता बोलता थांबत आणि आपण काय सांगत होतो तेच विसरत. पूर्वी वहीतलं अक्षर मोत्यासारखं, ते आता ओळ सोडून खाली घसरायला लागलं. एकदा माझ्या साड्यांच्या घडीत त्यांनी आपले बूट ठेवले. मी ते काढून जागेवर ठेवले आणि काही विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटत होती. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

अशाच एका शनिवारी चिन्नप्पानं ते केलं. हे हात धुवायला आत आले होते. मी पडद्याआड उभी होते. चिन्नप्पानं ट्रे उचलला आणि सावकाश, आवाज न करता, उलटा फिरवून ठेवला. त्या दिवशी एक बाटली पार बिघडलेली होती, नासक्या अंड्यासारखा वास मारणारी. मी ती सगळ्यात उजवीकडं ठेवली होती. आता ती डावीकडून पहिली आली. मला पुढं होऊन काहीतरी सांडता आलं असतं, ट्रे आत नेता आला असता. मी पडदा धरून उभी राहिले. हे आले, बसले, पहिल्या पेल्यातून ओतून घेतलं, तोंडात फिरवलं, गिळलं आणि म्हणाले, "वा. नऊ."

फर्नांडिस खदखदून हसला. त्याला वाटलं, थट्टा चालली आहे. हेही हसले, कारण फर्नांडिस हसला होता. चिन्नप्पा हसला नाही. जाताना तो मागच्या दाराशी आला. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. मोडक्या हिंदीत तो हळूच म्हणाला, "अम्मा, डॉक्टर को दिखाओ. मैं किसी को नहीं बोलेगा."

मी दार लावून घेतलं. मला त्याचा संताप आला. त्यानं आमच्या ओसरीवर बसून आमचं उघडं पाडलं, असं वाटलं. पुढचा शनिवार मी ह्यांच्या तापाचं निमित्त करून बंद केला, त्याच्या पुढचाही. चिन्नप्पानं शब्द पाळला, कुणाला बोलला नाही. मी अजून दोन वर्षं घालवली.

शेवटी साहेबालाच दिसलं. हे भट्टीत चालत असताना डाव्या हाताच्या पिंपाला धडकून पडले, उठले, पुन्हा त्याच पिंपाला धडकले. डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. कधीपासून ते त्यांना सांगता येईना. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं आम्हाला स्वतः मद्रासला नेलं, मोठ्या डॉक्टरांपुढं बसवलं. डॉक्टर तिकडचेच, विलायतेत शिकून आलेले, केस पिकलेले. त्यांनी ह्यांच्या नाकाशी एक-एक शिशी धरली. कॉफी, लवंगेचं तेल, कापूर. प्रत्येक वेळी ह्यांनी नाही म्हटलं. मग डॉक्टरांनी विचारलं, वास येत नाही हे कधीपासून?

साहेब पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. पाच वर्षं आपण कोणाच्या नाकावर माल विकला हे त्याला तिथं कळलं असतं. ह्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं आणि म्हणाले, "सहा महिने." डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. सहा महिने.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकटीला व्हरांड्यात बोलावलं. हिंदीत, सावकाश बोलले. कपाळाच्या मागं, नाकाच्या बरोबर वर गाठ आहे. तिथली गाठ आधी वास खाते, मग डोळे, मग माणूस. इथं तिला कुणी हात लावणार नाही. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "लहान असताना ती काढू शकतील असे हात जगात थोडे आहेत. पण तेव्हा विचारता तरी आलं असतं." मग म्हणाले, "अम्मा, सहा महिन्यांत एवढी गाठ होत नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते वाट बघत होते. मी खाली बघत राहिले. मग ते आत गेले.

पुढं दहा महिने हे जगले. महिन्याभरात दुसरा डोळाही गेला. साहेबानं क्वार्टर राहू दिलं. हे खुर्चीत बसून असत, दरीकडं तोंड करून. धुकं आलं की अंगाला गार लागे तेव्हा विचारत, संध्याकाळ झाली का. बरेच दिवस त्यांना मीही कळत नसे, अम्मा म्हणून हाक मारत. चिन्नप्पा आणि फर्नांडिस पुन्हा यायला लागले होते. आता खरोखरच चहा प्यायचे. चिन्नप्पानं त्या दुपारची गोष्ट कधी काढली नाही. ह्यांना खांदा द्यायला तेच दोघं पुढं होते.

भाऊ मला आणायला आला. येताना गाडीत त्यानं सांगितलं की कंपनी कशाची होती ते त्याला फर्नांडिसकडून कळलं, पण घरी औषधांचीच राहू दे. नाना खचलेत. मी म्हटलं, बरं. पाचोऱ्याला उतरले तेव्हा ऊन तसंच होतं. घाण्याच्या जागी तेलाचं इंजिन आलं होतं. लोक भेटायला येत, जावयाच्या औषधांच्या कंपनीचं कौतुक करत आणि एवढी औषधं करणाऱ्याला औषध मिळालं नाही म्हणून हळहळत. मी पदर तोंडाला लावून बसायची. सगळ्यांना वाटे रडते आहे. तीन वर्षं मी त्या घरात राहत होते, पण मला वाटायचं की धुकं अजून पायरीशी आहे.

नाना गेल्यावर अक्का धुळ्याहून आली. तिचंही कपाळ तोवर पांढरं झालं होतं, अंगावर जाडीभरडी खादी. तेरावं झालं, तिचं गाठोडं बांधून तयार होतं, दुपारच्या गाडीनं ती निघणार होती. आम्ही दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. ती सहज म्हणाली की आता आपलं राज्य येईल तेव्हा पहिल्यांदा दारू बंद होईल. आणि मी सांगून टाकलं. कंपनी बिअरची होती. ह्यांचं नाक गेलं होतं, म्हणून पाच वर्षं रोज सकाळी ती मी चाखली, तू तुरुंगात होतीस तेव्हाही.

अक्काचे हात थांबले. मला वाटलं ती उठेल. मी तिच्या पायांकडं बघत होते. तिनं विचारलं, "कशी लागस वं ती?"

हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. आधी भाजलेल्या जवाचा वास येतो, मग कडू लागतं, कारल्याचं नाही, निंबाच्या मोहराचं कडू. चांगली असेल तर गिळल्यावर तोंड स्वच्छ होतं. विलायती एक होती, तिला मी एकदाच नऊ दिले होते. अक्का ऐकत होती, मध्येच तिनं जीभ टाळ्याला लावून पाहिली. तिला जरा हसू आलं, मलाही आलं. मग तिचं हसू गेलं.

"आणि त्यासनं नाक गयं, हाई तुले कधी समजनं?"

मी साल सांगितलं. महिना सांगितला. भाकरीचं सांगितलं, चिन्नप्पानं दाराशी येऊन काय म्हटलं ते सांगितलं, साहेबानं माझ्या नाकाचं कौतुक केलं तेव्हा मला बरं वाटलं होतं तेही सांगितलं. मद्रासच्या व्हरांड्यातलं सांगितलं. अक्कानं विचारलं, "डॉक्टरले सांगं का?" मी म्हटलं, नाही. आज तुलाच पहिल्यांदा.

तुझा काय दोष, असं ती म्हणाली नाही. दोष आहे, असंही म्हणाली नाही. पदरातली टरफलं झटकून ती आत गेली, गाठोडं सोडलं, लुगडं दोरीवर टाकलं आणि बाहेर येऊन पुन्हा सूप पुढं ओढलं. "मी आठे ऱ्हासू चार दिन," म्हणाली.

त्या चार दिवसांत आम्ही फार बोललो नाही. ती दळायची, मी जात्यात दाणे वैरायची. एकदा पाणी शेंदताना तिनं विचारलं की त्यांना शेवटी मी ओळखू येत होते का. मी खरं ते सांगितलं.

अक्का आता नाही. धुळ्याचं तिचं घर दुसऱ्यांकडं गेलं, नीलगिरीतल्या क्वार्टरात कोण राहतं मला माहीत नाही. कुणी विचारलं तर मी घर पाचोऱ्याला आहे म्हणते, आणि पोस्टमनच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. मला विचाराल तर माझं घर चार दिवसांचं होतं. तिथं मी खरं साल सांगितलं आणि ऐकणारी उठून गेली नाही.